दया, उपयुक्तता आणि आरोग्य : पश्चिम भारत व वऱ्हाडातील बेवारस मांजरांच्या संगोपनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

इतिहासलेखनात प्राण्यांना स्थान मिळू लागले ही अलीकडची गोष्ट होय. घोडा, हत्ती, बैल व उंट यांची नोंद लष्करी आणि आर्थिक इतिहासात पूर्वीपासून आढळते. गाय धार्मिक व राजकीय चळवळींच्या इतिहासात आली. कुत्र्याच्या वाट्याला तर मुंबईत एक दंगलही आली. मांजर मात्र घराघरांत, गोदामांत, देवळांच्या आवारात आणि मशिदींच्या ओट्यांवर वावरत असूनही अभिलेखांत क्वचितच भेटते. ते ना नांगराला जुंपले जाते, ना त्याच्यावर कर बसतो. ज्याचा हिशेब ठेवावा लागत नाही, त्याचा इतिहासही सहसा लिहिला जात नाही.

प्रस्तुत अभ्यासाला एक प्रत्यक्ष निमित्त घडले. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी गटाराजवळ सापडलेली मांजराची चार पिल्ले एका पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून विभागात आणली. आम्ही सर्वांनी त्यांना कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजले. दोन दिवसांत त्यांना जुलाब सुरू झाले, पाठोपाठ उलट्या झाल्या आणि आठवडाभरात चारही पिल्ले दगावली. महिन्याभराने आणखी एक पिल्लू आले. ते त्याच खोक्यात, त्याच गोणपाटावर ठेवले गेले आणि तेही गेले. पुढे एका पशुवैद्यकांनी सांगितले की, लक्षणांवरून हा मांजरांचा अत्यंत सांसर्गिक विषाणुजन्य आजार असावा आणि त्याचा विषाणू त्या खोक्यातच शिल्लक राहिला असावा. आमची दया खरी होती, पण पाचव्या पिल्लाचा मृत्यू बहुधा त्या दयेच्या अज्ञानातून ओढवला होता.

या घटनेने एक ऐतिहासिक प्रश्न उभा केला. आपल्या समाजात प्राण्यांविषयी करुणा पुरातन आहे, पशुरुग्णालयांची परंपराही जुनी आहे. असे असताना मांजराच्या आरोग्याचे साधे ज्ञान सुशिक्षितांपर्यंतही का पोहोचले नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे, गृहीतक व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) पश्चिम भारत व वऱ्हाड या प्रदेशांत बेवारस मांजराकडे पाहण्याच्या दृष्टीत झालेल्या बदलांचा मागोवा घेणे. (२) प्लेगच्या साथीच्या काळात मांजराला आलेल्या महत्त्वाचे स्वरूप तपासणे. (३) मांजरांच्या आजारांविषयीच्या ज्ञानाचा विकास आणि आजच्या संगोपनाचे प्रश्न यांचा संबंध स्पष्ट करणे.

या विवेचनामागील गृहीतक असे की, मांजर प्रथम पुण्याचा विषय होते, नंतर उपयुक्ततेचा विषय झाले आणि अगदी शेवटी स्वतःच्या आरोग्याचा विषय बनले. या तीन टप्प्यांतील अंतर आजच्या संगोपनातील अनेक चुकांच्या मुळाशी आहे. ‘बेवारस मांजर’ या संज्ञेत येथे रस्त्यावर जन्मलेली, घरातून सोडून दिलेली आणि अर्धवट माणसाळलेली अशा तिन्ही प्रकारच्या मांजरांचा समावेश केला आहे. अभ्यासाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

परंपरेतील मांजर : पाप आणि संशय

भारतीय परंपरेत मांजराचे स्थान द्विधा आहे. मनुस्मृतीत मांजराच्या हत्येसाठी प्रायश्चित्त सांगितले आहे, तर त्याच ग्रंथात ढोंगी व्रतस्थाला मांजराची उपमा दिली आहे. महाबलीपुरम येथील प्रसिद्ध शिल्पपटात एका पायावर उभे राहून तप करणारे मांजर कोरलेले असून त्याच्या पायाशी उंदीर आहेत. पंचतंत्रातील मांजरही धर्माचे सोंग घेते. दुसरीकडे, दक्षिणेतील वैष्णव परंपरेत मांजरी पिल्लाला तोंडात धरून नेते, त्याप्रमाणे ईश्वर भक्ताला सांभाळतो असा ‘मार्जारकिशोर न्याय’ सांगितला जातो. मांजराच्या मातृत्वाला मिळालेला हा मोठाच मान होय.

मराठी लोकमानसातही हेच द्वैत दिसते. मांजर वाघाची मावशी आहे, पण ते आडवे गेले की काम होत नाही. ते डोळे मिटून दूध पिणारे, म्हणून लबाड आहे, पण त्याला मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते. या समजुतीने अनेक मांजरांचे प्राण वाचवले असतील, यात शंका नाही. परंतु तिचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. ती मांजराला मारू नये असे सांगते, त्याला जगवावे कसे हे सांगत नाही. म्हणूनच नको असलेली पिल्ले मारण्याऐवजी पोत्यात घालून नदीपलीकडे, बाजारात किंवा देवळापाशी सोडून येण्याची रीत आपल्याकडे रूढ झाली असावी. हत्येचे पाप टळले, पण पिल्लाचा मृत्यू टळला असे म्हणता येत नाही. रस्त्यावरील बेवारस मांजर हे काही अंशी या पापभीरूपणाचेच अपत्य आहे.

पांजरपोळ ते पशुरुग्णालय : १८३२ ते १८८६

प्राणिदयेला संस्थात्मक रूप मिळण्याच्या दृष्टीने मुंबई शहराचे महत्त्व विशेष आहे. उन्हाळ्यात भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी आदेशाविरुद्ध १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत पारशी समाजाने उठाव केला. हिंदू व जैन व्यापारीही त्यात सामील झाले, दुकाने बंद राहिली आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले. या घटनेनंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई व शहरातील अन्य धनिकांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ अस्तित्वात आला. भुलेश्वर परिसरातील ही संस्था निराधार, वृद्ध व जखमी जनावरांना आश्रय देऊ लागली.

पांजरपोळाची कल्पना अहिंसेवर आधारलेली होती. तिचा मुख्य हेतू जनावराला मरणापासून वाचवणे व मरेपर्यंत पोसणे हा होता. गाय, बैल, घोडा, शेळी अशा तृणभक्षक प्राण्यांच्या बाबतीत ही व्यवस्था निदान तत्त्वतः सुसंगत होती. मांजराचा प्रश्न मात्र निराळा आहे. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे पोषकद्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि वनस्पतींतील कॅरोटिनपासून त्याला ‘अ’ जीवनसत्त्व बनवता येत नाही. ही दोन्ही द्रव्ये त्याला मांसातूनच घ्यावी लागतात. टॉरिनच्या अभावी मांजराचा डोळ्याचा पडदा निकामी होतो हे १९७५ मध्ये आणि हृदय कमकुवत होते हे १९८७ मध्ये शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले. अहिंसेच्या तत्त्वावर उभ्या असलेल्या आश्रयस्थानात मांजर हा अवघड पाहुणा ठरतो, असे म्हटल्यास ते चुकीचे होणार नाही. एका जिवावरील दया दुसऱ्या जिवाच्या मांसाशिवाय पूर्ण होत नाही, हा पेच करुणेच्या परंपरेने कधी उघडपणे मांडला नाही.

१८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी सोसायटी स्थापन झाली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाने परळ येथे ‘बाई साकरबाई दिनशा पेटिट’ पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याच आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य होत. येथे दयेला प्रथमच शास्त्राची जोड मिळाली, ही या घटनेची ऐतिहासिक महत्ता होय. तथापि, त्या काळच्या पशुवैद्यकशास्त्राचे लक्ष घोडा व बैल यांच्यावर केंद्रित होते. लष्कर, ट्राम, टांगे आणि शेती यांचा डोलारा या दोन प्राण्यांवर उभा असल्याने ते स्वाभाविकही होते. मांजर आजारी पडल्याने कोणाचाही व्यवहार अडत नव्हता.

प्लेगचा काळ : मांजर उपयुक्त ठरते

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. मांडवी हा बंदरालगतचा, धान्याच्या गोदामांचा आणि दाट वस्तीचा भाग होता. पुढील दोन-अडीच दशकांत या साथीने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले. १८९७ चा साथरोग कायदा, सक्तीची झडती, विलगीकरण छावण्या आणि त्यातून उसळलेला असंतोष हा इतिहास सुपरिचित आहे. या इतिहासात मांजराचा प्रवेश दोन ठिकाणी होतो आणि दोन्ही ठिकाणे उद्बोधक आहेत.

पहिला प्रसंग कराचीचा आहे. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. फ्रेंच वैद्यक पॉल-लुई सिमों यांनी जून १८९८ मध्ये तेथे एक प्रयोग केला. प्लेगने आजारी असलेला एक उंदीर त्यांनी काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला. त्याच्या अंगावरील पिसवांत भर घालण्यासाठी मुक्कामाच्या हॉटेलच्या आवारात हिंडणाऱ्या एका मांजराच्या अंगावरच्या पिसवा त्यांनी घेतल्या. नंतर बरणीत एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात असा ठेवला की, त्याचा आजारी उंदराशी स्पर्श होऊ नये, पण पिसवांना वाट मिळावी. आजारी उंदीर मेल्यानंतर निरोगी उंदरालाही प्लेग झाला. प्लेगचा प्रसार पिसवांमार्फत होतो या सिद्धान्ताचा हा पहिला प्रायोगिक पुरावा होय. समकालीन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे त्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे १९०५ नंतर ग्लेन लिस्टन व प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत केलेल्या कामातून तो मान्य झाला. अशा प्रकारे एका अनाम, बेवारस मांजराने आधुनिक वैद्यकाच्या इतिहासात आपला वाटा उचलला. त्या मांजराचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे मात्र कोणाला कारण पडले नाही.

दुसरा प्रसंग वऱ्हाडातील आहे. वऱ्हाड १९०३ मध्ये प्रशासकीयदृष्ट्या मध्य प्रांताला जोडला गेला होता. अमरावती येथे कार्यरत असलेले भारतीय वैद्यकीय सेवेतील अधिकारी लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी प्लेग प्रतिबंधासाठी मांजराचा पुरस्कार केला. प्लेग उंदरांमुळे पसरतो आणि मांजर उंदीर खाते, म्हणून ज्या वस्तीत मांजरे पुरेशी आहेत तेथे प्लेग कमी असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. गावांतील घरांची संख्या, मांजरांची संख्या आणि प्लेगचा प्रादुर्भाव यांची त्यांनी तुलना केली. १९०८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात त्यांचे हे विचार प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जपानच्या भेटीवर गेलेल्या रॉबर्ट कॉख यांनीही प्लेग रोखण्यासाठी मांजरे पाळण्याचा सल्ला दिला. यावरून हा विचार त्या काळात किती गांभीर्याने घेतला जात होता, याची कल्पना येते.

वऱ्हाडातील खेड्यांत घरे मोजावीत तशी मांजरे मोजली गेली, ही घटना अभिलेखांच्या दृष्टीने अपूर्व आहे. ज्या प्राण्याची नोंद कोणत्याच वहीत होत नव्हती, तो सार्वजनिक आरोग्याच्या तक्त्यात एक रकाना बनला. ब्यूकॅनन यांच्या भूमिकेला आणखी एक बाजू होती. लोकांना सक्तीची झडती आणि घर रिकामे करणे अप्रिय होते, उंदीर मारण्यालाही अनेकांचा धार्मिक विरोध होता. मांजर मात्र घरात आधीच होते. त्याने उंदीर मारला तर पाप कोणालाच लागत नव्हते. दडपशाहीच्या तुलनेत हा सौम्य व स्थानिक जीवनाशी जुळणारा उपाय होता, हे मान्य करावे लागेल.

परंतु या सिद्धान्ताच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पहिली मर्यादा पद्धतीची आहे. मांजरे अधिक असलेली गावे आणि प्लेग कमी असलेली गावे यांचा मेळ दिसला, तरी तेवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. घरांची बांधणी, धान्याचा साठा, बाजारपेठेशी असलेला संबंध व वस्तीची दाटी यांचा परिणाम वेगळा काढणे आवश्यक होते. दुसरी मर्यादा उंदरांच्या जीवनक्रमाची आहे. उंदरांची संख्या मुख्यतः अन्न व आसरा यांवर ठरते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर, १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. त्या वेळी सोडून दिलेल्या घरांत साठून राहिलेले धान्य आणि त्यावर वाढलेले उंदीर यांकडेच तज्ज्ञांनी बोट दाखवले. न्यूयॉर्कमधील एका कचरा प्रक्रिया केंद्रात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ७९ दिवसांच्या चित्रीकरणात मांजरांनी केवळ २ उंदीर मारल्याचे दिसले. मांजर लहान चिचुंद्र्या, पिल्ले व पक्षी पकडते, मोठ्या घुशीच्या वाटेला ते सहसा जात नाही, हा आपल्याकडील गृहिणींचा अनुभवही याहून वेगळा नाही.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. मांजराला स्वतःला प्लेग होतो आणि त्याच्यापासून तो माणसालाही होऊ शकतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९७७ ते १९९८ या काळात मांजरांशी संबंधित मानवी प्लेगच्या २३ घटना नोंदवल्या गेल्या आणि त्यांपैकी ५ व्यक्ती दगावल्या. आजारी मांजरांवर उपचार करणारे पशुवैद्यकही या रुग्णांत होते. आजारी उंदीर खाणारे मांजर साथीपासून अलिप्त राहील, हे गृहीतच चुकीचे होते. मांजराकडे रोग रोखणारे साधन म्हणून पाहिले गेले, रोगाला बळी पडणारा जीव म्हणून नव्हे. प्लेग ओसरला, नवी औषधे व कीटकनाशके आली आणि मांजर पुन्हा सार्वजनिक आरोग्याच्या नोंदवहीतून बाहेर पडले. उपयुक्ततेतून मिळालेली प्रतिष्ठा उपयोग संपताच ओसरते, असा या प्रकरणाचा धडा आहे.

मांजराच्या आजारांचा शोध

मांजर हा स्वतंत्र रुग्ण आहे, हा विचार पाश्चात्य देशांतही उशिराच रुजला. १९२८ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्ज व क्रिस्तोफोरोनी यांनी मांजरांतील प्राणघातक जठरांत्रदाहाचे कारण विषाणू आहे हे दाखवून दिले. हाच ‘फेलाइन पॅनल्यूकोपेनिया’ होय. यात रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात, पिल्लाला ताप, उलट्या व जुलाब होतात आणि लस न दिलेल्या पिल्लांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे असते. १९५७-५८ च्या सुमारास ‘मांजरांचा फ्लू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकाराचे दोन प्रमुख विषाणू वेगळे करण्यात आले. डोळे चिकटलेली, नाक वाहणारी जी पिल्ले आपण बाजारात पाहतो, ती बहुधा याच विकाराने ग्रस्त असतात. १९६३ मध्ये बोस्टन येथील जीन होल्झवर्थ यांनी ‘फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस’ या आजाराचे वर्णन केले. १९६४ मध्ये ग्लासगो येथे विल्यम जॅरेट यांनी मांजरांतील रक्ताच्या कर्करोगाचा विषाणू शोधला. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात नील्स पेडरसन यांच्या गटाने मांजरांतील प्रतिकारशक्ती क्षीण करणारा विषाणू शोधून काढला. हा शेवटचा विषाणू मुख्यतः चाव्यातून पसरतो, म्हणजेच रस्त्यावरील बोक्यांच्या भांडणांतून.

या कालक्रमाकडे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. यांपैकी अनेक आजार मांजरांना दाटीवाटीने एकत्र ठेवल्यावर विशेष पसरतात. रस्त्यावर स्वतंत्रपणे हिंडणारे मांजर निवाऱ्यात आणल्याने वाचते, पण तेथेच ते नव्या संसर्गाला सामोरे जाते. निवारा ही दयेची वास्तू योग्य व्यवस्थेअभावी रोगाची वास्तू होऊ शकते.

मांजराविषयीच्या भीतीचाही असाच इतिहास आहे. टॉक्सोप्लाझ्मा हा परोपजीवी १९०८ मध्ये, म्हणजे ब्यूकॅनन यांचे विचार प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, उत्तर आफ्रिकेतील एका कुरतडणाऱ्या प्राण्यात प्रथम आढळला. त्याच्या जीवनचक्रातील मांजराचे स्थान मात्र १९७० च्या सुमारास उलगडले. तेव्हापासून गरोदर स्त्री असलेल्या घरातून मांजर हाकलून देण्याची घाई अनेक कुटुंबांत दिसते. वस्तुतः मांजर विशेषतः पहिल्या संसर्गाच्या वेळी, काही दिवस ते दोन-तीन आठवडेच विष्ठेतून हा परोपजीवी बाहेर टाकते आणि त्या विष्ठेतील बीजाणूंना संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागतो. त्यामुळे विष्ठा रोज अन्य व्यक्तीने साफ करणे, हात धुणे, भाज्या स्वच्छ धुणे आणि मांस पूर्ण शिजवणे या उपायांनी धोका बराच टळतो. अर्धवट ज्ञानातून आलेली भीतीही बेवारस मांजरांची संख्या वाढवते.

कायदा व निर्बीजीकरण

स्वतंत्र भारतात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० चा प्राण्यांवरील क्रौर्य प्रतिबंधक कायदा झाला आणि १९६२ मध्ये प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले. उपासमार किंवा तहान यांमुळे यातना होतील अशा परिस्थितीत योग्य कारणाशिवाय जनावर सोडून देणे हा या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजेच पिल्ले पोत्यात घालून बाजारात सोडण्याची जुनी रीत १९६० पासून कायद्याच्या कक्षेत आली आहे. तिची जाणीव मात्र समाजात अद्याप अल्प आहे.

१९७० च्या दशकात डेन्मार्क व ब्रिटनमध्ये रस्त्यावरील मांजरे पकडून, निर्बीजीकरण करून पुन्हा मूळ जागी सोडण्याची पद्धत रूढ होऊ लागली. इटलीने १९९१ च्या कायद्याने मुक्त वसाहतीतील मांजरांना संरक्षण दिले. भारतात २००१ मध्ये प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम आले, पण त्यांच्या नावातच केवळ कुत्र्यांचा उल्लेख होता. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये भटक्या मांजरांच्या निर्बीजीकरणाची मोहीम सुरू केली. मांडवीत प्लेगचे निदान झाल्यापासून सव्वाशे वर्षांनी त्याच शहराच्या नगरपालिकीय कामकाजात मांजर पुन्हा दाखल झाले, या वेळी उंदीर मारणारे साधन म्हणून नव्हे.

निर्बीजीकरणाचे महत्त्व केवळ संख्येपुरते नाही. मांजरी चार ते सहा महिन्यांच्या वयात गाभण राहू शकते आणि तिचा गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो. वर्षातून दोन-तीनदा होणाऱ्या वितींनी तिचे शरीर खंगते. बोक्यांचे निर्बीजीकरण झाल्यास भांडणे व चावे कमी होतात आणि त्यातून पसरणारे आजारही घटतात. निर्बीजीकरण ही लोकसंख्येची बाब आहे तशीच ती आरोग्याची बाब आहे.

संगोपनाची आरोग्यविषयक सूत्रे

वरील ऐतिहासिक विवेचनातून आजच्या संगोपनासाठी काही व्यावहारिक सूत्रे निष्पन्न होतात. महाविद्यालये, वसतिगृहे व गृहनिर्माण संस्था यांच्या आवारात मांजरांची काळजी घेणाऱ्यांना ती उपयुक्त ठरावीत.

प्रथम, विलगीकरण. नव्याने आणलेले मांजर किमान दोन आठवडे इतर मांजरांपासून दूर ठेवावे, त्याची भांडी व अंथरूण स्वतंत्र असावे. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू वस्तूंवर व जमिनीवर एक वर्षापर्यंत तग धरू शकतो आणि नेहमीच्या फिनाइलने त्याचा भरवसा देता येत नाही. पाण्यात मिसळलेल्या सोडियम हायपोक्लोराइटसारख्या ब्लीचचा वापर करावा लागतो. पुठ्ठा, गोणपाट, कापड यांसारख्या वस्तू पुन्हा वापरू नयेत.

दुसरे, आहार. गाईचे दूध मांजराचे नैसर्गिक अन्न नव्हे. अनेक मांजरांना ते पचत नाही आणि लहान पिल्लांना त्यामुळे जुलाब होऊन शरीरातील पाणी कमी होते. आईविना पिल्लांसाठी मांजरांकरिता बनवलेली दुधाची भुकटी वापरावी. पिल्लाला आधी ऊब द्यावी, मग अन्न. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचवता येत नाही. त्याला पोटावर ठेवून पाजावे, माणसाच्या बाळाप्रमाणे उताणे धरू नये. मोठ्या मांजराला दूध-भातावर जगवणे ही आपल्याकडील सवय बदलणे आवश्यक आहे. कच्चे मांसही टाळावे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळील गोरेवाडा येथील बचाव केंद्रात ३ वाघ व १ बिबट्या यांचा बर्ड फ्लूने मृत्यू झाला, तर २०२५ च्या आरंभी छिंदवाडा येथे पाळीव मांजरांतही हा संसर्ग आढळला.

तिसरे, लसीकरण. पिल्लांना साधारणतः सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लसी द्याव्यात. रेबीजची लस अनिवार्य समजावी. मांजराने चावा घेतल्यास किंवा ओरबाडल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

चौथे, औषधे. माणसाची औषधे मांजराला देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या पिसवांसाठी वापरले जाणारे परमेथ्रिनयुक्त औषधही मांजरासाठी विषारी आहे. यकृतातील काही विघटनक्रिया मांजरात क्षीण असल्याने असे घडते. ‘कुत्र्याला चालते ते मांजरालाही चालेल’ ही समजूत घातक आहे.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. (१) परंपरेने मांजराच्या हत्येला पाप मानले, परंतु त्याच्या संगोपनाचे कर्तव्य सांगितले नाही. पिल्ले सोडून देण्याच्या रीतीला याच त्रुटीत जागा मिळाली. (२) एकोणिसाव्या शतकातील पांजरपोळ व पशुरुग्णालये यांनी दयेला संस्थात्मक रूप दिले, मात्र श्रम करणाऱ्या जनावरांच्या तुलनेत मांजर उपेक्षित राहिले. (३) प्लेगच्या काळात वऱ्हाडातील प्रयत्नांनी मांजराला सार्वजनिक आरोग्याच्या विचारात स्थान मिळवून दिले, पण ते साधन म्हणून. मांजर स्वतः रोगाला बळी पडते, या वस्तुस्थितीकडे त्यात दुर्लक्ष झाले. (४) मांजरांच्या आजारांचे बहुतेक ज्ञान १९२८ नंतरचे आहे आणि ते सामान्य प्राणिप्रेमींपर्यंत पुरेसे पोहोचलेले नाही. (५) निर्बीजीकरण, लसीकरण व विलगीकरण यांच्याविना केलेले बचावकार्य अपुरे, प्रसंगी अपायकारक ठरते.

समारोप

परळमध्ये पशुरुग्णालय आणि प्लेगची प्रयोगशाळा या दोन संस्था एकाच परिसरात उभ्या होत्या. एकीत जनावरांवर उपचार होत होते, दुसरीत उंदीर चिरून तपासले जात होते. करुणा आणि शास्त्र इतके निकट असूनही मांजराच्या बाबतीत त्यांची भेट व्हायला फार काळ लागला. ती भेट घडवून आणणे हे आज कोणा एका खात्याचे काम राहिलेले नाही. प्रत्येक महाविद्यालयाच्या आवारात दोन-चार मांजरे असतातच आणि त्यांना आपल्या डब्यातले खाऊ घालणारे विद्यार्थीही असतात. त्यांच्या दयेला आपण अध्यापकांनी आवश्यक ते ज्ञान पुरवले पाहिजे. आमच्या विभागातील ते पुठ्ठ्याचे खोके पहिल्या चार पिल्लांबरोबरच जाळून टाकायला हवे होते. ते न जाळणाऱ्यांत कोणीही निर्दय नव्हते, ही जाणीव प्रस्तुत लेखकाला या अभ्यासाच्या अखेरीसही अस्वस्थ करते.